पंचक्रोशीचा शारदोत्सव

भाताची कापणी आणि मळणी उरकून सुगीची धांदल ओसरली, की बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत, जेथे तांबड्या मातीत रताळी आणि काळ्या शिवारात सुवासिक बासमती पिकते त्या पट्ट्यात, पौष-माघातल्या एखाद्या रविवारी सगळे गाव पहाटेपासून सडासंमार्जनाला लागलेले दिसते. परक्या माणसाला ही ग्रामदेवतेची यात्राच वाटावी, आणि तसे वाटण्यात त्याचा फारसा दोष नाही. कारण पालखी सजलेली असते, टाळमृदंगाचा घोष चाललेला असतो, लेझीम खेळणारी शाळेची मुले आणि डोक्यावर कलश घेतलेल्या सुवासिनी तिच्यापुढे चालत असतात, आणि मांडवामागे गावजेवणाच्या चुली पेटलेल्या असतात. मात्र पालखीत देवाचा मुखवटा नसून ग्रंथ असतात. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा यांना तेथे अग्रमान असतो, आणि दारोदारी ओवाळणी होते ती या ग्रंथांची. गावचे साहित्यसंमेलन या ग्रंथदिंडीने सुरू होते आणि दिवेलागणीपर्यंत चालते.

कडोली, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, येळ्ळूर, सांबरा ही बेळगाव तालुक्यातील गावे आणि दूधगंगेकाठचे निपाणीकडील कारदगा ही या परंपरेतील काही ठळक नावे. कडोलीचे संमेलन त्यांत ज्येष्ठ मानले जाते. ते चार दशकांच्या आसपास चालत आले आहे, आणि त्याचे पाहून शेजारच्या गावांनी आपापले संमेलन उभे केले. प्रत्येक गावाची स्वतःची साहित्यसंस्था आहे, आणि तिच्या नावातही त्या गावाची श्रद्धा उतरलेली दिसते: कुद्रेमनीच्या संस्थेने बलभीमाचे नाव धारण केले, तर बेळगुंदीच्या संस्थेने रवळनाथाचे. या संस्थांचे चालक म्हणजे प्राथमिक शाळांतील आजी-माजी शिक्षक, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत पाळी करून सायंकाळी सभेला येणारे कामगार, शेतकरी, दूधवाले, गवंडी आणि गावच्या तरुण मंडळाची पोरे. मोठ्या शहरांतील साहित्यसंस्थांना इमारत असते, घटना असते, ठेवी असतात. येथे मुख्यतः लोकवर्गणी असते, आणि कोणी पैशाने, कोणी तांदळाने, कोणी केवळ अंगमेहनतीने आपला वाटा उचलतो.

ही हौस या भूमीत आकस्मिक उगवलेली नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश केला जातो त्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’चे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा. शहरातील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ मधील, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही हे वाचनालय वयाने वडील आहे. इंदिरा संतांच्या कवितेचा दीर्घ संसार याच शहरात झाला, रणजित देसाई तेथून जवळच, चंदगड तालुक्यातील कोवाड येथे राहून ‘स्वामी’सारखी कादंबरी लिहीत होते, आणि निपाणीत महादेव मोरे यांनी आधी मोटारींच्या दुरुस्तीत आणि मग पिठाच्या गिरणीत आयुष्य घालवीत, तंबाखूच्या वखारींतील बायाबापड्यांचे आणि रस्त्यावरील कष्टकऱ्यांचे जग मराठी कथेत आणले. महाराष्ट्रातील साहित्यिकांचे मोठे संमेलनही बेळगावने अनेकदा आपल्या अंगणी भरविले. १९२९ मध्ये ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असता याच शहरात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला, आणि पुढे दीड दशक चाललेल्या चळवळीला त्यातून मोठे बळ मिळाले. त्यानंतर २००० मध्ये य. दि. फडके अध्यक्षपदी आले.

ज्या शहरात तो ठराव झाला ते शहर मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेच्या फेऱ्यात, मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्याच्या अंमलाखाली गेले. सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादाची गुणदोषचर्चा या लेखाचा विषय नव्हे. परंतु तो वाद ज्यांच्या दैनंदिन आयुष्यातून वाहतो त्या खेडुताची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या संमेलनाचे मर्म समजणार नाही. घरात मराठी, बाजारात मराठी, भजनात मराठी, आणि जमिनीचा उतारा, कचेरीतील नोटीस, बसवरील पाटी मात्र कन्नड, अशा परिस्थितीत त्याची मुले वाढतात. मराठी शाळांचे वर्ग वर्षागणिक विरळ होत चालले आहेत. अशा ठिकाणी भाषा टिकविण्याचे काम कोणत्याही दप्तराकडे सोपविता येत नाही. ते गावाला स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने करावे लागते. म्हणून या संमेलनाला मी निव्वळ रविवारची करमणूक मानीत नाही. पंचक्रोशीने आपल्यापुरते स्थापन केलेले ते एक विद्यापीठच आहे, आणि त्याचे दार कोणालाही बंद नाही.

दिवसाची रचना सामान्यतः ठरलेली. दिंडी संमेलननगरीत पोहोचली, की दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन होते. प्रवेशद्वाराला गावातील एखाद्या दिवंगत शिक्षकाचे किंवा कार्यकर्त्याचे, व्यासपीठाला एखाद्या थोर साहित्यिकाचे नाव दिलेले असते. स्वागताध्यक्षांचे भाषण, प्रास्ताविक आणि अध्यक्षीय भाषण असे पहिले सत्र संपायला मध्यान्ह होते. दुसऱ्या सत्रात एखाद्या सामाजिक किंवा वाङ्मयीन विषयावर व्याख्यान अथवा परिसंवाद, मग पंगती. या पंगतींत प्राध्यापक, पोलीस, पुस्तकविक्रेता, पाहुणा कवी आणि गावचा गुराखी यांची पाने शेजारी शेजारी मांडली जातात, आणि जेवण विनामूल्य असते. जेवणानंतर कथाकथन. हे सत्र गावाचे सर्वांत लाडके असते, आणि त्याला कारणही आहे: शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या त्रयीने कथाकथनाला जी लोकप्रियता मिळवून दिली तिचा ठसा कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात अद्याप ताजा आहे. ग्रामीण कथा ज्या श्रोत्यांबद्दल लिहिली गेली त्याच श्रोत्यांना ती ऐकविली जाते, तेव्हा तिचे परीक्षण पुण्या-मुंबईच्या कोणत्याही समीक्षकापेक्षा कठोर होते. बैलाचे वर्णन चुकले, पेरणीचा हंगाम चुकला, सासू-सुनेच्या संवादातला एखादा शब्द शहरी वाटला, तर मांडवातील चुळबूळ ताबडतोब ते सांगते. आणि नेमका शब्द पडला, की पहिल्या रांगेतील म्हातारीपासून मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांपर्यंत हास्याची लाट जाते. मराठी लेखकाला असा श्रोता अन्यत्र दुर्मीळ झाला आहे.

शेवटी कविसंमेलन. माझ्या मते संमेलनाचा प्राण येथे आहे, जरी वेळापत्रकात त्याला अखेरची आणि आखडलेली जागा मिळत असली तरी. निमंत्रित कवींबरोबर पंचक्रोशीतले नवोदितही येथे उभे राहतात: बी.ए.च्या वर्गातील मुलगी, बसवाहक, शिवणकाम करणारी गृहिणी, नुकताच निवृत्त झालेला जवान. या भागातून सैन्यात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि बर्फातल्या ठाण्यावर लिहिलेली वही घेऊन व्यासपीठावर चढणाऱ्या माणसाचे येथे कोणाला नवल वाटत नाही. त्यांच्या कविता सगळ्याच चांगल्या असतात असे म्हणणे खोटेपणाचे होईल; पुष्कळशा कवितांत पाठ्यपुस्तकाची छाया असते, आईवरील आणि मायमराठीवरील रचनांची पुनरुक्ती असते. तथापि त्यांच्यामध्येच अवचित एखादी ओळ अशी येते, की जिच्यात बेळगावी मराठीचा तो लांबवलेला हेल, कन्नडच्या सहवासाने आलेले शब्द आणि शेतातला स्वतःचा अनुभव एकजीव झालेले असतात. अशी ओळ प्रथम कोठे म्हणून दाखवायची? मासिकांच्या संपादकांकडे ती पोहोचेपर्यंत तिचा कर्ता थकून जातो. प्रकाशकाचे नाव-गावही त्याला ठाऊक नसते. त्याच्या वाट्याचा पहिला ध्वनिक्षेपक आणि त्याचे पहिले श्रोते त्याला हे संमेलन देते, आणि ते श्रोते त्याला लहानपणापासून ओळखणारे असतात, ही गोष्ट भीतीची तितकीच आधाराची. घरी ज्याच्या वहीला कोणी हात लावला नाही त्याच्या कवितेला गावाने टाळी दिली, की दुसऱ्या दिवशी त्याचे घरातले स्थानही थोडे बदलते.

वाचकाच्या बाजूनेही या दिवसाचे महत्त्व आहे. कोल्हापूर-बेळगावकडील विक्रेते पुस्तकांची दुकाने मांडवालगत मांडतात. गावात एरवी पुस्तकाचे दुकान नसते. वह्या आणि पाठ्यपुस्तके यांपलीकडे छापील मराठी जेथे विकत मिळत नाही, तेथे वर्षातून एकदा शे-दीडशे ग्रंथ हातात घेऊन चाळता येणे ही लहान मुलाच्या दृष्टीने मोठी घटना आहे. विक्री पाहिली तर ‘छावा’, ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’ यांसारख्या कादंबऱ्यांना आणि चरित्रांना मागणी असते. कवितासंग्रह हातात घेतले जातात आणि परत ठेवले जातात. कवींना टाळ्या देणारे हेच गाव त्यांचे संग्रह विकत घेत नाही, ही विसंगती संयोजकांनी मनावर घ्यावी अशी आहे.

आणखीही काही दोष स्पष्ट सांगितले पाहिजेत, कारण या संस्थेवर ज्याचे प्रेम आहे त्याने ते दडवून ठेवू नयेत. पहिल्या सत्रात शाली, श्रीफळे आणि पुष्पगुच्छ यांचा इतका भरणा असतो, वर्गणीदारांची आणि पुढाऱ्यांची नावे इतक्या सावकाश उच्चारली जातात, की अध्यक्षीय भाषणाला उन्हे डोक्यावर येतात आणि सायंकाळच्या कवींना ‘एकच कविता, तीही छोटी’ अशी ताकीद द्यावी लागते. दिवसभर वाट पाहून, चार गावे ओलांडून आलेल्या मुलीला दोन मिनिटांत उतरविणे हे संमेलनाच्या हेतूशीच विसंगत आहे. कविसंमेलन दुपारी घ्यावे आणि सत्कार शेवटी करावेत. ज्यांना शालीचेच अगत्य असेल ते थांबतील. पाहुण्या वक्त्यांच्या निवडीतही ओळखीचीच नावे गावोगावी फिरतात. निपाणीसारख्या कष्टकरी शहरातून आलेले लेखन, खानापूरच्या जंगलपट्ट्यातील बोली, स्त्रियांच्या ओव्यांचा साठा, या साऱ्याला अजून व्यासपीठाच्या मध्यभागी जागा मिळायची आहे.

परवानगीची बाब वेगळी आणि अधिक कष्टाची. संमेलन भरवायचे तर कचेरीत आणि ठाण्यात रीतसर अर्ज करावा लागतो. काही वर्षी अनुमती अखेरच्या घटकेपर्यंत अडून राहिली, काही वेळा महाराष्ट्रातून निघालेल्या वक्त्यांना मनाई झाली. ज्या मांडवात ज्ञानेश्वरीची पालखी आणि शाळकरी मुलांच्या कविता आहेत त्याचे राज्यशकटाला भय का वाटावे, हे मला समजत नाही. संयोजकांनी मात्र अशा प्रसंगी संयम सोडलेला नाही, आणि याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे: अध्यक्ष पोहोचू शकले नाहीत तर गावातल्याच ज्येष्ठ शिक्षकाला खुर्चीवर बसवून दिंडी निघाली आणि सत्रे पार पडली.

याच संयमाचा पुढचा टप्पा म्हणून एक सूचना करावीशी वाटते. हा मुलूख दोन भाषांच्या सहवासाचा आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नड कवितेचे युगप्रवर्तक ठरले. मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांच्या घरात नेल्या, तर त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी मराठी ग्रंथ कन्नडमध्ये नेले. या दाम्पत्याच्या कामाचा वारसा सांगणारा अनुवादक ज्या गावांत जन्मू शकतो अशी गावे महाराष्ट्रात सहजी सापडणार नाहीत, कारण येथील बहुतेक मुलांना दोन्ही लिप्या वाचता येतात. तरीही संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर अनुवादाचे सत्र क्वचितच आढळते. कडोलीने किंवा उचगावने पुढच्या वर्षी एक तास त्यासाठी राखून ठेवावा, पंचक्रोशीतल्या दहावी-बारावीच्या मुलांना एक कन्नड कविता आधी महिनाभर द्यावी, त्यांनी तिचे मराठी रूप मांडवात वाचावे, त्यांतले चांगले असेल ते संमेलनाच्या स्मरणिकेत छापावे, आणि ती स्मरणिका केवळ जाहिरातदारांना न वाटता पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांकडे टपालाने धाडावी. खर्च म्हणाल तर एका सत्काराच्या शालीइतका.