मोठा पंप उतरवण्याआधी छोटा पंप बघा

गळिताचा हंगाम जोरात आहे. उसाने भरलेली ट्रॉली जोडून तुम्ही नातेपुत्याहून सदाशिवनगरच्या श्री शंकर सहकारी साखर कारखान्याकडे निघालात. जरा चढ लागला की जुना ट्रॅक्टर आचके देतो आणि बंद पडतो. थोडे थांबून सेल्फ मारला की चालू, फर्लांगभर जाऊन पुन्हा बंद. इकडे तोडलेला ऊस वाळतो आणि त्याचे वजन घटते. जमलेल्यांपैकी प्रत्येक जण सांगतो, "पंप गेला." त्याच्या डोळ्यांपुढे असतो तो नोजलकडे जोराने डिझेल फेकणारा मोठा पंप. तो उतरवून कॅलिब्रेशनला दिला की खर्च मोठा, आणि ट्रॅक्टर उभा तो वेगळाच.

पण या मोठ्या पंपाला डिझेल पुरवणारा एक छोटा पंप असतो. त्याला कोणी फीड पंप म्हणतात, कोणी लिफ्ट पंप. बऱ्याच जुन्या इंजिनांत तो इंजिनाच्या बाजूला बसवलेला असतो आणि हाताने चालवायला त्याला छोटी दांडी असते. आत एक लवचिक पडदा असतो, त्याला मिस्त्री डायफ्राम म्हणतात. वर्षानुवर्षे वरखाली होऊन तो कडक होतो, चिरतो. मग रिकामा ट्रॅक्टर पळतो, पण ओढ पडली की डिझेल अपुरे पडते.

तपासायला सुरुवात टाकीपासून करा. आधी चाकांना दगड लावा. टाकीचे झाकण सैल करा. सुस्स असा आवाज येऊन इंजिन सुधारले, तर झाकणाचे भोक बुजले आहे, पंपाला दोष देऊ नका. मग डिझेलचा कॉक, गाळाची वाटी, फिल्टर आणि नळीचे सांधे पाहा. सांध्यातून हवा शिरली तरी लक्षणे हीच दिसतात.

हे सारे ठीक असेल तर छोट्या पंपाची फिल्टरकडे जाणारी नळी सोडा, खाली डबा धरा आणि दांडी मारा. डिझेल उसळून आले पाहिजे. दांडी ढिली लागली तर घाई नको. इंजिन थोडे फिरवून पुन्हा मारा, कारण आतला कॅम उचललेला असला की दांडी काम करत नाही. तरीही नुसते थेंब आले तर पंप गेला.

आता सर्वांत महत्त्वाचे. ऑईलची पट्टी काढून बघा. पातळी वाढली आहे, ऑईल पातळ झाले आहे, डिझेलचा वास येतो? मग चिरलेल्या पडद्यातून डिझेल चेंबरमध्ये उतरले आहे. असे इंजिन एक खेपही चालवू नका. बेअरिंग गेले की खर्च मोठ्या पंपालाही मागे टाकील. ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलूनच इंजिन चालू करा.

नवा पंप आणताना जुना सोबत न्या. दिसायला सारखे असले तरी आतली लिव्हर लहान-मोठी असते. बसवताना जुने पॅकिंग खरवडून काढा, नवे तेवढ्याच जाडीचे घाला. लिव्हर कॅमवर नीट टेकली नसताना नट आवळले तर ती मोडते. तांब्याचे वायसर नवेच वापरा.

मग हवा काढायची. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत दांडी मारा, नंतर मोठ्या पंपाचा. नोजलच्या नळीतून उडणाऱ्या धारेसमोर हात धरू नका, ती कातडी भेदून आत शिरते. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्येही असाच पंप असतो, पण तिथे उघडी नळी आणि तापलेले इंजिन एकत्र आले की आग लागते. ती जीप पूर्ण थंड झाल्याशिवाय पाना लावू नका, आणि बिडी ओढणाऱ्याला लांब बसवा.

तासभर ओढकाम झाले की सांधे कोरड्या फडक्याने पुसून ओल दिसते का पाहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू करण्याआधी ऑईलची पट्टी पुन्हा काढून बघा.