मुलाचा हात पोचेल तेथे

मूल तीन वर्षांचे झाले, की त्यास कोणत्या बालमंदिरात घालावयाचे, याची चर्चा घरात सुरू होते. आजोबांना ते जवळ असावे असे वाटते, आईला तेथील बाई प्रेमळ हव्या असतात आणि काका फीचा आकडा विचारतात. मग एके दिवशी दोघे-तिघे मिळून बालमंदिर पाहावयास जातात. भिंतींवर रंगविलेले ससे व हत्ती, छताला टांगलेल्या झिरमिळ्या आणि ओळीने मांडलेल्या लाल-पिवळ्या खुर्च्या पाहून मंडळी प्रसन्न होतात व मुलाचे नाव नोंदवून घरी येतात.

या पाहणीत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. खाली बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती खोली पाहावी, हे कोणास सुचत नाही. तसे पाहिले तर पुष्कळ ठिकाणी असे आढळेल, की ससे व हत्ती मुलाच्या डोक्यावरून कितीतरी उंच आहेत, खिडकीतून त्यास केवळ आभाळ दिसते आणि खेळण्यांच्या कपाटाला कुलूप आहे. ही सारी सजावट आपल्यासारख्या पाहावयास येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी केलेली असते. मुलाच्या वाट्याला त्यातले काय येते, हा प्रश्न निराळाच आहे.

बालशिक्षणाच्या इतिहासात एका कपाटाची हकीकत प्रसिद्ध आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले म्हणजे मागे राहिलेली लहान मुले चाळीच्या भिंती व जिने खराब करीत, म्हणून त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढाच इमारतीच्या मालकांचा हेतू होता. माँटेसरीबाईंनी सिद्ध केलेली साधने तेथे एका मोठ्या कपाटात ठेवलेली असत. बाईंनी ती काढून द्यावयाची व काम संपताच परत आत ठेवावयाची, असा शिरस्ता होता.

एके दिवशी बाईंना यावयास उशीर झाला, आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप घालावयाचेही त्या विसरल्या होत्या. येऊन पाहतात, तो कपाट उघडे! काही मुले दाराशी उभी आणि काही साधने उचलून नेत असलेली. बाईंना ही चोरी वाटली. मुलांना शिक्षा व्हावी व चार नीतीचे पाठ द्यावे, असे त्यांचे मत पडले. माँटेसरीबाईंनी मात्र त्याचा अर्थ वेगळा लावला. मुलांना आता साधनांची पुरती ओळख झाली आहे, त्यांतून आपल्यास हवे ते निवडण्याची पात्रता त्यांच्या अंगी आली आहे, असे त्या म्हणाल्या. पुढे त्या उंच कपाटाची जागा ठेंगण्या, मुलांचा हात सहज पोचेल अशा कपाटांनी घेतली. एकच कृत्य एकीस चोरी दिसले व दुसरीस निवड दिसली. बालमंदिराची खोली कशी असावी, या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर या दोन दृष्टींच्या अंतरात आहे.

मेज-खुर्च्यांच्या बाबतीतही त्यांनी हाच विचार केला. त्या काळच्या शाळांत जड बाके जमिनीस जखडलेली असत. माँटेसरीबाईंनी त्याऐवजी मुलास स्वतः उचलून नेता येतील अशी हलकी मेजे व खुर्च्या करविल्या. धक्का लागून त्या पडतील, असा आक्षेप येताच, त्या पडाव्यात हेच बरे, असे त्यांचे म्हणणे होते. खुर्ची पडल्याचा आवाज मुलास आपल्या हालचालीतील धसमुसळेपणा आपोआप दाखवून देतो. त्यासाठी कोणी ओरडावे लागत नाही. फुटणारी चिनी मातीची भांडीही त्यांनी याच कारणास्तव मुलांच्या हाती दिली. तसेच, प्रत्येक साधन एकेकच ठेवावे, असा त्यांचा कटाक्ष होता. दुसऱ्याचे काम होईपर्यंत वाट पाहावयाची, हा धडा त्या खोलीच्या मांडणीतूनच मुलास मिळे.

‘हे सारे श्रीमंती संस्थांना शोभते, आपल्याकडे एवढा पैसा कोठून आणावा?’ असे कोणी म्हणेल. त्यास आपल्या मराठी मुलखातच उत्तर मिळालेले आहे. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे गेल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले, व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे किमती लाकडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे व पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात जाऊन बसली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतील केंद्रे आज ‘अंगणवाडी’ याच नावाने देशभर ओळखली जातात. अंगणात ना कपाट, ना रंगीत भिंत. परंतु चिंचोक्यांचा ढीग मुलाच्या हाताशी होता, आणि त्यांतून जोड्या लावावयाच्या की रांग मांडावयाची, हे ठरवावयास ते मोकळे होते.

आता त्या ससे-हत्तींकडे वळू. २०१४ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. किंडरगार्टनच्या २४ मुलांना त्यांनी काही पाठ चित्रांनी गजबजलेल्या खोलीत व काही साध्या खोलीत शिकविले. मागाहून घेतलेल्या परीक्षेत साध्या खोलीतील पाठांवर मुलांची ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, तर सजविलेल्या खोलीतील पाठांवर ४२ टक्के. प्रयोग लहान आहे. त्यावरून भिंती उघड्याबोडक्या ठेवाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु चित्रे थोडी असावीत, मुलाच्या डोळ्यांसमोर येतील इतकी खाली असावीत आणि अधूनमधून बदलावीत, एवढे समजून घ्यावयास काय हरकत आहे? काल बागेत सापडलेले पिंपळाचे जाळीदार पान आज भिंतीवर मुलाच्या डोळ्यांसमोर लावले, तर त्याभोवती जेवढे प्रश्न उठतील, तेवढे वर्षानुवर्षे तेथेच असलेल्या सशाभोवती उठणार नाहीत.

येथे घरातील वडीलधाऱ्यांची शंका रास्त आहे. सगळेच हाताशी ठेवले, तर लागेल, सांडेल, फुटेल! औषधे, सुरी-विळी, काडेपेटी ही उंचावर व कुलपातच हवीत. कुलपाचा खरा उपयोग तेथे आहे. परंतु पाणी सांडण्याच्या भयाने तांब्याही उंच ठेवावा काय? त्यापेक्षा तांब्याशेजारी एक फडके ठेवावे. सांडलेले पुसणे हे चार वर्षांच्या मुलास ओतण्याइतकेच आवडते, हा अनुभव ज्यास हवा असेल त्याने तो घरीच घ्यावा.

कारण हा प्रश्न बालमंदिरापुरता नाही. आपल्या एकत्र कुटुंबांत मुलावर माया करणारी माणसे पुष्कळ असतात, आणि ‘हात लावू नको’ म्हणणारीही तितकीच असतात. आई हो म्हणते, आजी नको म्हणते, काका आल्यावर पुन्हा नियम बदलतो. असे मूल आधी हट्टी ठरते, मग खोडकर ठरते, आणि शेवटी विचारावयाचेच सोडून देते. या शेवटल्या अवस्थेस आपण ‘शहाणे झाले’ असे म्हणतो, याचे वाईट वाटते.

म्हणून स्वयंपाकघरातील एक खालचा कप्पा मुलाच्या नावाचा करावा. त्यात दोन वाट्या, मूठ-दोन मूठ तांदूळ, छोटा तांब्या, फडके एवढेच ठेवावे. आणि त्या कप्प्यापुरते घरातील कोणीही ‘नको’ म्हणावयाचे नाही, असे सर्वांनी मिळून ठरवावे. त्यानंतर बालमंदिर पाहावयास जाल, तेव्हा तेथे क्षणभर मुलाशेजारी खाली बसा. येथून काय दिसते, हात कोठवर पोचतो, घेतलेली वस्तू त्यास स्वतः परत जागेवर ठेवता येते काय आणि सांडले तर पुसावयास काही आहे काय, एवढे चार प्रश्न मनाशी विचारा. फीचा आकडा त्यानंतर विचारला तरी चालेल.