मिनिटाला तीन मिलिमीटर

आपल्या मज्जातंतूंतले सर्वांत वेगवान संदेश सेकंदाला 120 मीटरपर्यंत धावतात. या वेगाने मुंबई-पुण्याचं दीडशे किलोमीटर अंतर 21 मिनिटांत कापून होईल. पण त्याच मेंदूत विजेची एक अशीही लाट उठते, जिला हाच पल्ला गाठायला 95 वर्षं लागतील. ती सरकते मिनिटाला तीन मिलिमीटर, म्हणजे 24 लाख पट संथ!

हा आकडा पहिल्यांदा हाती आला तो यंत्राविना. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांना अर्धशिशी होती. त्यांच्या नजरेत एक आंधळा ठिपका उमटे, कडेला लखलखती दातेरी रेघ, आणि तो पसरत पसरत नजरेच्या टोकाला जाई. लॅश्लींनी थोड्या थोड्या वेळाने त्याची कड कागदावर आखून घेतली. दृष्टी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाची लांबी धरून 1941 मध्ये त्यांनी हिशेब मांडला. उत्तर आलं तीन मिलिमीटर.

1944 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात हार्वर्डला ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआव यांनी फेफऱ्याच्या अभ्यासासाठी सशाच्या मेंदूला वीज दिली. फेफरं येण्याऐवजी तिथली विद्युत हालचालच मावळली आणि ही सामसूम चहूकडे सरकू लागली. वेग, मिनिटाला दोन ते पाच मिलिमीटर.

लॅश्लींच्या ठिपक्यामागची लाट हीच. ती इतकी संथ का? कारण ती तंतूंवरून धावत नाही, शेजारी शेजारी झिरपते. पेशींतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, बाहेरचं प्रमाण दहापटीवर चढतं आणि शेजारच्या पेशी क्षणभर भडकून गप्प होतात. भडका म्हणजे ती लखलखती रेघ. मागची सामसूम म्हणजे आंधळा ठिपका. सांडलेलं पुन्हा आत भरायला पेशींना काही मिनिटं राबावं लागतं.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांना असा एक रुग्ण मिळाला, ज्याला बास्केटबॉल खेळलं की नजरेत अर्धशिशीची ही चाहूल लागे. खेळ झाल्यावर त्याला एमआरआय यंत्रात झोपवलं. 2001 मध्ये छापून आलेला लाटेचा वेग होता मिनिटाला 3.5 मिलिमीटर. साठ वर्षांपूर्वीचा कागदावरचा हिशेब जवळजवळ बरोबर निघाला.

हा संथपणा ध्यानात ठेवा. अर्धशिशीची चाहूल बहुधा हळूहळू पसरते. एकाएकी दिसेनासं झालं, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर गोळी घेऊन पडून राहू नका. तो पक्षाघात असू शकतो. तडक हॉस्पिटल गाठा.