आपली कॉफी आणि अराकूचा शेतकरी

आजचा विषय कॉफीचा आहे, पण कॉफी कशी करावी हे मी सांगणार नाहीये. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि जायफळ घालावं की नाही या वादात तर मला पडायचंच नाही. (हशा) मला बोलायचंय ते पैशांबद्दल. आपण दुकानात कॉफीचं पाकीट उचलतो तेव्हा त्या पैशांतलं काय, कुणाकडे आणि कुठल्या टप्प्यावर जातं, याबद्दल.

आधी एक हिशोब करू. एक किलो भाजलेल्या बिया हव्या असतील तर झाडावरची साधारण सात किलो पिकलेली फळं लागतात. साल, गर, पाणी हे सगळं जातं, आणि भाजताना वजन आणखी घटतं. एका कपाला दहा ग्रॅम पावडर धरली, तर तुमच्या सकाळच्या कपात अंदाजे 40 फळं असतात. अरेबिकाची चांगली कॉफी हवी असेल तर ही 40 फळं कुणीतरी एकेक पाहून तोडलेली असावी लागतात. कारण एकाच फांदीवर लाल, पिवळं आणि हिरवं फळ एकाच वेळी असतं.

आता हे फळ जिथे होतं तिथे जाऊ. भारतात कॉफी म्हटलं की चिकमगळूर आणि कोडगू आठवतं, आणि ते बरोबरच आहे, देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच होते. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही थोडी होते. पण मी उदाहरण घेते ते आंध्रातल्या अराकू खोऱ्याचं. विशाखापट्टणमच्या वर, पूर्व घाटात, आदिवासी कुटुंबांची एक-दोन एकरांची रानं. पूर्वी इथे डोंगरउतारावर फिरती शेती चालायची, तिला तिकडे 'पोडू' म्हणतात. नंतर वनखात्याने आणि आदिवासी विकास यंत्रणांनी कॉफी आणली. ती सावलीत वाढते, वर सिल्व्हर ओकची झाडं आणि त्यांच्या खोडावर चढवलेले मिरीचे वेल. म्हणजे एकाच जागेत दोन पिकं. कॉफीचा भाव पडला त्या वर्षी मिरी घर चालवते. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हे फार मोठं आहे.

मग अडचण कुठे होती? फळ तोडल्यावर. तुमच्यापैकी ऊस किंवा दूध ज्यांच्या घरी आहे त्यांना हे लगेच कळेल. तोडलेला ऊस शेतात ठेवता येत नाही. कॉफीचं फळही तसंच. चांगली कॉफी हवी तर त्याच दिवशी गर काढायचा, बी आंबवायची, धुवायची आणि सावकाश वाळवायची. त्याला यंत्र लागतं, भरपूर पाणी लागतं. एका एकराच्या शेतकऱ्याकडे ते कुठून असणार? मग तो फळं तशीच अंगणात वाळवतो, किंवा आठवडी बाजारात व्यापाऱ्याला देऊन टाकतो. आणि व्यापारी लाल फळ आणि हिरवं फळ एकाच भावाने घेत असेल, तर शेतकऱ्याने चार फेऱ्या मारून फक्त लाल का तोडावीत? एकदाच फांदी ओरबाडतो आणि मोकळा होतो. लोक म्हणतात, त्यांना दर्जा कळत नाही. अहो, चांगलं कळतं. दर्जाचे पैसे मिळत नाहीत, एवढंच.

अराकूत बदल झाला तो याच टप्प्यावर. सरकारी गिरिजन सहकारी महामंडळ खरेदीत उतरलेलं आहे. दुसरीकडे नांदी फाउंडेशनच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था उभी राहिली, फळं एकत्र जमा करून सामाईक केंद्रावर त्यांची प्रक्रिया होऊ लागली. 2017 मध्ये याच कॉफीचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं. 2019 मध्ये अराकू व्हॅली अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वेळी कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि वायनाडच्या कॉफीलाही. पॅरिसचं कौतुक वर्तमानपत्रांत खूप झालं. मला विचाराल तर ते सामाईक केंद्र जास्त महत्त्वाचं.

आता आपल्या पाकिटाकडे येते. घरी गेल्यावर एक काम करा, पाकिटाची मागची बाजू वाचा. कॉफी-चिकोरी मिश्रण असेल तर त्यात किमान 51 टक्के कॉफी असली पाहिजे असा आपला नियम आहे, आणि प्रमाण छापावंच लागतं. 53:47 असं लिहिलं असेल तर 200 ग्रॅमच्या पाकिटात 94 ग्रॅम चिकोरी आहे. चिकोरी वाईट नाही. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात तीही शेतकरीच पिकवतात, आणि फिल्टर कॉफीचा तो दाटपणा तिच्यामुळेच येतो. पण कॉफीच्या शेतकऱ्यासाठी म्हणून जास्त पैसे मोजत असाल, तर निदान ते कॉफीला मोजताय ना, हे बघा. 53:47 वरून 80:20 वर गेलात तरी फरक पडतो.

दुसरं म्हणजे नाव बघा. नुसतं 'प्रीमियम' लिहिलंय, की गाव, जिल्हा, संस्था किंवा मळा, सुगीचं वर्ष आणि प्रक्रिया लिहिलीय? ज्याने नाव लिहिलं त्याला पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी परत जावं लागतं. शेतकऱ्याला नेमकं तेच हवं असतं, दरवर्षी येणारं गिऱ्हाईक.

प्रमाणपत्रांचं काय, असं पहिल्या रांगेतून विचारलं गेलंय. फेअरट्रेडचं घेऊ. त्यात धुतलेल्या अरेबिकाला पौंडामागे 1.80 डॉलर हा किमान भाव 2023 पासून आहे, आणि वर 20 सेंट संस्थेला सामाईक कामासाठी. आता बघा, 2001 मध्ये जागतिक भाव 50 सेंटच्याही खाली गेला होता. अशा वर्षी किमान भाव म्हणजे जीवदान. पण 2025 च्या फेब्रुवारीत तोच भाव चार डॉलरच्या वर होता, तेव्हा या किमान भावाचा उपयोग शून्य. म्हणजे प्रमाणपत्र हा विमा आहे. पडत्या वर्षी कामी येतो, चढत्या वर्षी नाही. आणि 'सावलीतली कॉफी' या शब्दांवरही फार भाळू नका. भारतातली जवळजवळ सगळीच कॉफी सावलीत होते. सावली कसली, हा खरा प्रश्न. फणस, जांभूळ, उंबर यांच्यासारखी मूळची झाडं आहेत, की ती तोडून नुसता सिल्व्हर ओक लावलाय? पक्ष्यांना यातला फरक कळतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती सहसा कुणी बोलत नाही. कर्नाटकातल्या मोठ्या मळ्यांवर फळ तोडणारं कुटुंब आणि मळ्याचं मालक कुटुंब वेगवेगळं असतं. तोडणीला लोक आसाम, झारखंडपासून येतात. फळाला चांगला भाव मिळाला म्हणजे मजुरी वाढलीच असं नाही. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा : फळाला काय भाव दिलात, आणि तोडणीला काय दिलंत? आज लहान भाजणीवाले ऑनलाइन विकतात, त्यांना मेसेज करता येतो. काही जण आकडे सांगतात, काही जण डोंगराचे फोटो पाठवतात. (हशा)

आणि खर्चाचं म्हणाल, तर सगळी कॉफी बदलायची गरज नाही. दोन महिन्यांतून पाव किलो घ्या, पण त्याच ठिकाणाहून, वर्षभर. अराकूची सुगी हिवाळ्यात येते, नवी कॉफी त्यानंतर बाजारात येते, तेव्हा विचारायला सुरुवात करायला हरकत नाही. आता प्रश्न घेऊ.