नाक कुत्र्याचं, निकाल माणसाचा

किन्हवली, डोळखांब, सरळगाव या पट्ट्यात घरफोडी झाली किंवा शेतावर कुणाचा घातपात झाला, की गावात पहिला प्रश्न ठरलेला: 'डॉग स्क्वॉड मागवलं का?' पथकाची गाडी येईपर्यंत चहाच्या टपरीवर कुत्र्यांच्या जातींची चर्चा रंगते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले' एवढंच छापून येतं आणि लोक म्हणतात, 'कुत्रं कुचकामी निघालं.' या चर्चेत आणि या निराशेत बरेच गैरसमज आहेत. त्यातले काही इथे तपासून पाहू.

गैरसमज : पोलिसांचं कुत्रं म्हणजे जर्मन शेफर्ड नाहीतर डॉबरमन. लॅब्राडोर घरात खेळवायला ठीक.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र पोलिसांचं सर्वांत नावाजलेलं कुत्रं लॅब्राडोरच होतं. त्याचं नाव झंजीर. पुण्यात शिकून ते मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झालं, आणि काही महिन्यांतच १२ मार्च १९९३ चे साखळी स्फोट झाले. त्यानंतर मुंबईत, मुंब्र्यात, ठाण्यात लपवलेला साठा शोधायला ते फिरलं. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं ही त्याच्या नावावरची कामगिरी. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने ते गेलं, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. २६/११ च्या हल्ल्यात सीएसएमटीवर स्फोटकं हुडकणारा सीझरही लॅब्राडोरच.

लॅब्राडोर खादाड, म्हणून बक्षिसासाठी जीव तोडून काम करतं. स्वभावाने माणसाळलेलं, त्यामुळे स्टेशनच्या गर्दीत त्याला घेऊन फिरलं तरी कुणी बिचकत नाही.

मुळात 'पोलिसी जात' म्हणून वेगळं काही नाही. जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉय ही दोन्ही मेंढ्या राखणारी कुत्री, तर लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडे जाळी ओढायला होते. मॅलिनॉय अलीकडे केंद्रीय दलांत जास्त दिसतं, कारण ते शेफर्डपेक्षा हलकं, चपळ आणि उन्हाला जरा जास्त टिकणारं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागूनही दहशतवाद्यांना भिडलेला लष्कराचा 'झूम' याच जातीचा होता.

जातीने कल कळतो, कुवत नव्हे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे समजावता येतो, असं त्यात दिसलं. म्हणून निवड करणारे कागद कमी आणि पिल्लू जास्त बघतात. चेंडू गवतात फेकला तर ते किती वेळ शोधत राहतं, आवाजाला दचकतं का, हे पाहिलं जातं.

गैरसमज : देशी कुत्री राखणीपुरती. पथकात त्यांचं काय काम?

वस्तुस्थिती : मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेलं मुधोळ हाउंड, ज्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात, २०१६ मध्ये लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या मेरठमधल्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेलं. पुढे सीमा सुरक्षा दलानेही ते घेतलं. त्यांच्या 'रिया' या मुधोळ कुत्रीने २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये विदेशी कुत्र्यांना मागे टाकून माग काढण्यात पहिला क्रमांक मिळवला. उत्तराखंड पोलिसांनी तर 'ठेंगा' नावाचं रस्त्यावरचं पिल्लू शिकवून पथकात घेतलं.

याचा अर्थ दारातला मोती उद्या स्फोटकं शोधेल असा नाही. पिल्लूपणापासून निवड आणि पुढे सहा ते नऊ महिन्यांचं शिक्षण लागतं, आणि त्यातही बरीच कुत्री गळतात.

गैरसमज : एकदा शिकलेलं कुत्रं चोर, बॉम्ब, गांजा सगळंच शोधतं.

वस्तुस्थिती : कामं वाटलेली असतात. माग काढणारं वेगळं, स्फोटकांचं वेगळं, अमली पदार्थांचं वेगळं. एकाच कुत्र्याला बॉम्ब आणि गांजा दोन्ही शिकवणं सहसा टाळतात. ते एखाद्या बॅगेपाशी बसलं, तर हँडलरने काय समजायचं? बॅग उघडायची की परिसर रिकामा करायचा?

स्फोटकांचं कुत्रं सापडल्यावर भुंकतही नाही, पंजाही मारत नाही. मुकाट्याने बसतं. धक्का लागला तर काय होईल हे सांगायला नको. वन्यप्राण्यांच्या तस्करीवरही अशी कुत्री नेमलेली आहेत. ट्रॅफिक या संस्थेच्या २००८ पासूनच्या उपक्रमातून शिकलेली कुत्री वनखात्यांकडे वाघाची कातडी, हाडं हुडकतात.

गैरसमज : अमली पदार्थांच्या कुत्र्याला त्याचंच व्यसन लावतात.

वस्तुस्थिती : त्याला पदार्थ चाखूही देत नाहीत. तो वास आला की आवडता चेंडू मिळतो, एवढीच गाठ त्याच्या डोक्यात बांधतात. कुत्रं गांजा शोधत नसतं, ते आपला चेंडू शोधत असतं. व्यसनी, आजारी कुत्रं काम कसं करेल?

गैरसमज : पाऊस पडला, म्हणजे वास गेला.

वस्तुस्थिती : माणसाच्या अंगावरून त्वचेचे कण सतत झडत असतात, आणि चालताना पायाखाली गवत, माती चिरडते. या सगळ्याचा मिळून वास तयार होतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात काही जातींत ३० कोटींपर्यंत. हलक्या ओलाव्यात हा वास धरून राहतो. म्हणून दवाने भिजलेल्या बांधावरचा सकाळचा माग वैशाखातल्या तापल्या डांबरापेक्षा सोपा. आपल्याकडचा आषाढातला धो धो पाऊस मात्र माग धुऊन नेतो, हे खरंच.

आणि ते 'घुटमळणं'? चोर रस्त्याला लागून मोटारसायकलवर बसला की जमिनीवरचा माग तिथेच तुटतो. कुत्रं तिथे थांबलं, म्हणजे गुन्हेगाराने तिथून गाडी पकडली, ही माहितीच असते. पोलीस मग तिथल्या टायरच्या खुणा आणि पुढच्या नाक्यावरचा कॅमेरा बघतात.

गैरसमज : कुत्रं ज्याच्या दारात गेलं, तो गुन्हेगार.

वस्तुस्थिती : गावात सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच. कुत्रं एखाद्या उंबऱ्यापाशी थांबलं की पंचनामा व्हायच्या आत लोक त्या घराला वाळीत टाकतात. पण तो माणूस आदल्या दिवशी तिथे मजुरीला गेलेला असू शकतो, किंवा आरडाओरडा ऐकून पहिला धावलेलाही तोच असू शकतो.

महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अशा पुराव्यावरचे आक्षेप मांडले. कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वतीने हँडलर बोलतो, म्हणजे ती ऐकीव साक्ष झाली. शिवाय माणसाचं आयुष्य पणाला असताना कुत्र्याच्या अनुमानावर विसंबता येत नाही. तपासाला दिशा मिळण्यासाठी श्वानाचा उपयोग करता येतो, पण त्यावरून दोष ठरत नाही, ही भूमिका पुढेही कायम राहिली.

गैरसमज : म्हातारं झालं की गोळी घालतात.

वस्तुस्थिती : लष्करात कामाला निरुपयोगी झालेल्या कुत्र्यांना दयामरण देण्याची प्रथा होती, हे खरं. माहिती अधिकारात २०१५ मध्ये ते उघड झालं, ओरड झाली आणि धोरण बदललं. आता ती दत्तक दिली जातात किंवा त्यांच्यासाठीच्या निवाऱ्यात ठेवली जातात. २६/११ गाजवलेली मुंबईची कुत्री निवृत्तीनंतर विरारच्या फार्मवर राहिली. बीडच्या 'रॉकी'ने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासाला हातभार लावला होता. २०२० मध्ये ते गेलं, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला.

आता गावाने काय करायचं? चोरी झालेल्या खोलीचं दार ओढून घ्या, आत कुणाला सोडू नका, कपाटाला हात लावू नका. चोराची चप्पल, कापड पडलं असेल तर ते उचलून दाखवत फिरू नका. पन्नास जणांचे हात लागले की त्यातला एक वास निवडायचा कसा? गावची मोकाट कुत्री तेवढ्यापुरती लांब ठेवा. पथक आलं की हँडलरला वाट द्या, मोबाइल काढून मागे धावू नका. आणि ते कुत्रं शेजाऱ्याच्या अंगणात थांबलं, तर निदान तपास होईपर्यंत आपण तोंड बंद ठेवा.