गोळीने उपास मोडतो का?

मागच्या श्रावणातला एक सोमवार. दवाखान्यात गर्दी होती. अकरावीतल्या एका मुलीला तिचे वडील घेऊन आले. तिला आपण वैशाली म्हणू. गाव इथून चौदा किलोमीटरवर. पहाटे उठून पाणी भरायचे, सव्वासहाची एस.टी. गाठायची, दुपारी कॉलेजातून परतायचे, संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या आणि रात्री अभ्यास करायचा, असा तिचा दिवस.

"डॉक्टरसाहेब, पोरगी आळशी झालीय," वडील म्हणाले. "जिना चढली की बसते, पुस्तक धरलं की झोपते. दहावीला ऐंशी टक्के होते, आता नापास व्हायची पाळी आलीय."

मी तिला भूक विचारली, झोप विचारली. पाळी व्यवस्थित येते का, तेही विचारले. तिने चपलांकडे पाहत "हो" म्हटले. "काही त्रास?" "नाही." वडील शेजारी उभे होते आणि पडद्यापलीकडे चार माणसे बसली होती. मी टॉनिकची बाटली लिहून दिली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. इथे मी चुकलो. मुलीने खरे उत्तर द्यावे अशी जागाच मी तिला दिली नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ती एस.टी. स्टँडवर चक्कर येऊन पडली. लोकांनी उचलून माझ्याकडे आणले. पापणीची आतली बाजू पांढरीफटक, नखे चपटी झालेली, नाडी मिनिटाला ११६. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबीन ६.४ ग्रॅम निघाले. या वयाच्या मुलीत ते निदान १२ असावे लागते. ८ च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय समजतात.

या वेळी मी बाहेर थांबलो. आमच्या सिस्टर तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. दहा मिनिटांत जे कळले, ते मला चार महिन्यांपूर्वीच कळायला हवे होते.

लाजेआड दडलेले दुखणे

वैशालीची पाळी नियमित येत होती, हे खरेच होते. पण ती नऊ-नऊ दिवस चाले आणि पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावे लागे. कॉलेजात त्यासाठी धड जागा नाही, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत ती तशीच बसे आणि पाणीही पीत नसे. आईला एकदा सांगितले तर "बाईच्या जातीला हे असायचंच" असे उत्तर मिळाले. मग तिने सांगणेच सोडले. तिच्या दप्तरात पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडाही निघाला. त्या ती खात असे आणि त्याचीही तिला लाज वाटे. माती, खडू, पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही वाईट सवय नव्हे. अंगातले लोह कमी झाल्याची ती खूण असू शकते.

दर पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० च्या वर गेले तर तो अतिस्राव. घरी कोणी रक्त मोजत बसत नाही, म्हणून सोप्या खुणा लक्षात ठेवाव्यात. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणे, पॅड किंवा कापड तासा-दोन तासांनी भिजणे, मोठ्या गाठी पडणे, रात्री कपडे खराब होणे. यांतली एखादी गोष्ट दर महिन्याला होत असेल तर "असायचंच" म्हणून सोडून देऊ नये.

रक्ताला लोह कशाला लागते?

आपण श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू फुप्फुसातून सर्व अंगाला पोहोचवण्याचे काम तांबड्या पेशींतले हिमोग्लोबीन करते आणि ते तयार व्हायला लोह लागते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेल्यावर तिच्यातले लोह शरीर वाया घालवत नाही, नव्या पेशीसाठी पुन्हा वापरते. पण अंगाबाहेर गेलेल्या रक्तातले लोह परत मिळत नाही, ते अन्नातूनच भरून काढावे लागते. त्यातच वाढीचे वय असेल तर गरज आणखी वाढते. खर्च जास्त आणि जमा कमी, असे वर्षानुवर्षे चालले की आधी साठा संपतो आणि मग हिमोग्लोबीन उतरते.

हिमोग्लोबीन निम्म्यावर आले की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त धावावे लागते. म्हणून जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, डोके दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही. वडिलांना जो आळस वाटत होता, तो हा.

ही एकट्या वैशालीची कथा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गात दहा मुली असतील तर त्यांतल्या जवळजवळ सहा.

नवस आणि निळी गोळी

सिस्टरांना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. दहावीत असताना तिने देवीला नवस केला होता. बारावी होऊन नर्सिंगला प्रवेश मिळू दे, तोवर गुरुवार धरीन. थकवा वाढला, अभ्यास होईना, तेव्हा तिला वाटले की आपली भक्तीच कमी पडते आहे. मग तिने सोमवार धरला. तरीही बरे वाटेना, म्हणून चतुर्थी धरली. जितका थकवा जास्त, तितके उपास जास्त, आणि जितके उपास जास्त, तितका थकवा. या फेऱ्यात ती दीड वर्ष फिरत होती.

शाळेत मुला-मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. तिच्या शाळेत ती सोमवारी मिळे. सोमवारी उपास! गोळी दप्तरात जाई आणि तिथेच राही.

दुसऱ्या दिवशी ती आजीबरोबर आली. मी उपचार समजावून सांगितले. तिने मान डोलावली, पण उठेना. शेवटी अगदी हळू आवाजात विचारले, "गोळीने उपास मोडतो का?"

मी काही बोलण्याआधी आजीच म्हणाल्या, "अगं, औषधाला कसला उपास? मी साखरेची गोळी एकादशीला घेतेच की!" आजींचे बरोबर होते. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्राने सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधही येते. मी दहा वेळा सांगून जे झाले नसते, ते आजींच्या एका वाक्याने झाले.

उपास करायचाच तर

उपास सोडा, असे मी तिला म्हटले नाही. हिमोग्लोबीन भरेपर्यंत आठवड्यातून एकच दिवस ठेव आणि तोही पोटभर खाऊन, एवढेच सांगितले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात लोह आणि प्रथिने नावालाच असतात. त्याऐवजी राजगिऱ्याचा लाडू, भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, खजूर घ्यावे आणि सोबत पेरू किंवा लिंबू घ्यावे. क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह चांगले शोषले जाते. चहा नेमके उलटे करतो. उपासाला दिवसभर चहावर राहणे म्हणजे थोडेफार मिळालेले लोहही घालवणे. जेवणाच्या आणि गोळीच्या आगेमागे तासभर तरी चहा नको.

इतर दिवशी बाजरीची भाकरी, डाळी, मोड आलेली मटकी, हिरव्या पालेभाज्या आणि चालत असेल तर मटण, मासे, अंडी खावीत. मात्र एकदा रक्तक्षय झाला की नुसत्या आहाराने तो भरून निघत नाही, औषध लागतेच.

गोळ्या घेताना

गोळीने शौचाला काळे होते. घाबरू नये, ते गोळीतल्या लोहामुळे. मळमळ झाली तर गोळी जेवणानंतर घ्यावी. बद्धकोष्ठ झाले तर पाणी वाढवावे. महिनाभरात बरे वाटू लागते आणि इथेच बहुतेक जणी गोळ्या सोडतात. हिमोग्लोबीन भरल्यावरही साठा भरण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. जंतांमुळेही रक्त कमी होते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध घ्यावे. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी जरूर करावी, कारण प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असतो असे नाही.

वैशालीचे रक्त फारच कमी असल्याने मी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे शिरेतून लोह दिले, रक्त गोठण्याची आणि थायरॉईडची तपासणी केली. त्यांत दोष निघाला नाही. पाळीच्या दिवसांपुरत्या स्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, नंतर लोहाच्या गोळ्या. जूनमध्ये हिमोग्लोबीन १२.१ आले. आता ती बारावीत आहे. गुरुवार अजून धरते आणि त्या दिवशीची गोळी आजीच हातावर ठेवतात.

पालकांना एकच विनंती. मुलगी सारखी थकत असेल तर आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या. साधी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यातही होते. आणि डॉक्टरांकडे नेलेत की पाच-दहा मिनिटे तुम्ही बाहेर बसा, सिस्टरांना किंवा घरच्या एखाद्या बाईला तिच्याजवळ राहू द्या. मीही आता तसेच करतो.