श्रम गेले, वडापाव राहिला

1966 साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. गिऱ्हाईक बरंचसं गिरणीतलं. आठ तास साच्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाला एका हातात मावणारं, चालता चालता संपणारं आणि पोटाला आधार देणारं काहीतरी हवं होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं ते जगच विस्कटलं. गिरण्या होत्या त्या लोअर परळला आज काचेच्या इमारती आहेत. त्यांच्या पायथ्याशी वडापावची गाडीही आहे. खाणारा मात्र वर जाऊन नऊ तास खुर्चीत बसतो. म्हणून सुटलेल्या पोटासाठी एकट्या वड्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. तो पचवणारं काम गेलं, हे आपण हिशेबात धरत नाही.

बसून काम करण्याची किंमत लंडनमध्ये फार पूर्वी मोजली गेली. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये तिथल्या दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. गाडी तीच, रस्ते तेच. पण दिवसभर बसणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त आढळला, जिन्याने वरखाली करत तिकिटं फाडणाऱ्या वाहकांमध्ये कमी. आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरचा कंडक्टर तरी यापेक्षा वेगळं काय करत होता? त्या गाड्या 2023 च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. आपण त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2000 साली पुरेशी हालचाल न करणारे भारतीय प्रौढ सुमारे 22 टक्के होते. 2022 मध्ये ते 49 टक्क्यांवर गेले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर सांगितली. प्रमाण सर्वाधिक गोव्यात, 26.4 टक्के.

यावर घराघरांत एक उत्तर तयार असतं : ‘आमच्याकडे कुणी जाड नाही.’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समाधानाला सुरुंग लावला. ‘लॅन्सेट’मध्ये 2004 साली त्यांचा आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन यूडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. शरीरातली चरबी मोजली तेव्हा यूडकिन यांची 9.1 टक्के भरली, याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून जो अभ्यास केला, त्यात तर ही गोष्ट जन्मापासून दिसली. आपली बाळं वजनाने इंग्रज बाळांपेक्षा हलकी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या शरीराच्या वाट्याला अचानक मैदा, साखर आणि लिफ्ट आली, तर ते शरीर आणखी काय करणार? ‘हातपाय काड्या आणि पोट सुटलेलं’ हे वर्णन आपण लग्नकार्यात हसत हसत करतो. डॉक्टरांच्या भाषेत ते निदानाच्या जवळ जातं.

मग व्यायाम. त्याची परंपरा आपल्याकडे कमी नाही. कोल्हापूरच्या तालमी आहेत, अमरावतीचं 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये नेलेले सूर्यनमस्कार आहेत. तालमीत जोर-बैठका मारायला पैसा फारसा लागत नव्हता आणि पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर वस्ताद घरी निरोप धाडायचा. आज वर्षाची फी भरून घेणारी जिम सदस्य आला नाही तर हरकत घेत नाही. त्यातच तिचा फायदा असावा, अशी मला शंका आहे. मीही एकदा अशी फी भरली आणि एकूण अकरा दिवस गेलो.

पण तालमीचे गोडवे गाताना एक गोष्ट राहून जाते. तालीम पुरुषांची होती. बायकांच्या वाट्याला जातं, पाणी आणि धुणं. ते कष्ट मिक्सरने आणि वॉशिंग मशीनने काढून घेतले, हे उत्तमच झालं. जात्याच्या ओव्या कितीही गोड असल्या तरी जातं पुन्हा कुणाला नको आहे. पण सुटलेला वेळ बाईला मिळालाच नाही. तो नोकरीत, लोकलमध्ये आणि मुलांच्या क्लासला नेण्या-आणण्यात गेला. वर उल्लेखलेल्या 2022 च्या अंदाजात पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायकांचं प्रमाण 57 टक्के आहे, पुरुषांचं 42. संध्याकाळी सातला सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणारे आजोबा दिसतात. आजी तेव्हा कुकर लावत असतात. या बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असा सल्ला देणाऱ्याने आधी पोळ्या लाटाव्यात.

खाण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सर्वाधिक गाजले ते डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत आटपायचं आणि रोज पाऊण तास चालायचं. आहारतज्ज्ञांचे त्यावर आक्षेप आहेत. औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपास सुरू करणं धोक्याचंही आहे. तरी त्यांच्यामुळे चहा-बिस्किटाच्या प्रत्येक खेपेकडे माणसं संशयाने बघू लागली, हे श्रेय मी त्यांना देईन. ज्वारीची भाकरी, उसळ, ताक असं ताट आपल्याकडे होतंच. भाकरी थापणारे हात कमी झाले आणि दहा मिनिटांत दार वाजवणारी पिशवी आली.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. तेल-वनस्पतीतल्या घातक ट्रान्स फॅटवर 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, हा नियम 2020 चा. तुमच्या मुलाच्या शाळेसमोर एकदा उभं राहून पाहा.

मला स्वतःला अजूनही भरवशाची वाटते ती शतपावली. जेवणानंतर थोडं चाललं तरी रक्तातली साखर कमी उसळते, हे अलीकडच्या संशोधनातही दिसलं आहे. त्यासाठी बूट, घड्याळ, वर्गणी काही लागत नाही. पदपथ मात्र लागतो आणि तो आपल्या शहरांत दुचाकींना आंदण दिलेला आहे. नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा ओपन जिमच्या गंजक्या यंत्रांऐवजी सलग पदपथ मागा.

आणि चकलीचा डबा उघडण्याआधी शिवणाच्या पेटीतली टेप काढून कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेषा 90 सेंटिमीटरला आहे, बायकांसाठी 80 ला.